वाचकांचे प्रश्न : मुलाला कोणी विचारले का?

मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याविषयी या वेळी इतकी पत्रे आली की हे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. मुलाचे वागणे, गुण, झोप, मोबाइल, मित्र यांचे वर्णन अगदी बारकाईने केलेले असते. मूल स्वतः काय म्हणते, हे मात्र बहुतेक पत्रांत नसते. उत्तरे लिहिताना त्या रिकाम्या जागेकडे मी पुन्हा पुन्हा वळले आहे.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. गेले दोन-अडीच महिने ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही. काही विचारले की अंगावर येते. रात्री उशिरापर्यंत जागी असते आणि सकाळी उठता उठत नाही. पूर्वी तासन् तास चित्रे काढायची, तेही सोडले आहे. घरातले सगळे म्हणतात, हे वयच असे असते. मला मात्र चैन पडत नाही. वय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य चित्रांविषयीचे आहे. वयात येणारी मुले आईवडिलांपासून थोडी दूर सरकतात, दार लावून घेतात, उलट बोलतात. पण आवडीची गोष्ट ती सहसा सोडत नाहीत. घरात तुटक वागणारी मुलगी मैत्रिणींमध्ये खुलत असेल, तर काही दिवस थांबून पाहता येते. मैत्रिणीही नकोशा, चित्रेही नकोशी, अभ्यासात लक्ष नाही, असा सगळीकडचा रस एकदम आटला असेल, तर त्याचे खापर वयावर फोडता येत नाही.

मोठ्या माणसाचे नैराश्य उदासीत दिसते, म्हणून आपण मुलांमध्येही रडवेला चेहरा शोधत बसतो. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने येते, आणि म्हणूनच निदानाच्या निकषांमध्येही मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिड धरण्याची मुभा आहे. तपासणीत काही न सापडणारी डोकेदुखी किंवा पोटदुखी हेही त्याचे एक रूप असते. झोपेबाबत मात्र तिला थोडे झुकते माप द्या. वयात येताना शरीराचे घड्याळच काहीसे पुढे सरकते, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही, आणि गरज तर ८ ते १० तासांची असते. नुसते उशिरा झोपणे हे लक्षण नव्हे. सुट्टीच्या दिवशी भरपूर झोपूनही थकवा जात नसेल किंवा मध्यरात्री जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, तर ती बाब डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे.

‘हे वयच असे असते’ या वाक्यात एक वेगळे सत्यही दडलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटात साधारण सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो. जगभरातील १९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. मानसिक विकार सुरू होण्याचे प्रमाण सर्वाधिक असणारे वय त्यात साडेचौदा वर्षे असे आढळले. म्हणजे वयाचे कारण देऊन आपण जिथे थांबतो, नेमके तिथेच लक्ष द्यायला हवे.

त्रास किती आहे, किती दिवसांचा आहे आणि त्यामुळे काय बंद पडले आहे, एवढे पाहा. जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ आणि रोजचे जगणे अडेल इतका त्रास असेल, तर तपासणी करून घ्यावी. पण त्याआधी तिच्याशी बोला. समोर बसवून चौकशी करू नका. शेजारी चालताना किंवा प्रवासात, नजरेला नजर नसते तेव्हा मुले अधिक मोकळी होतात. ‘तुला काय झाले आहे?’ यापेक्षा ‘तू चित्रे काढत नाहीस, हे माझ्या लक्षात आले आहे, आणि मला तुझी काळजी वाटते,’ असे म्हणणे सोपे जाते आणि ते खरेही असते. तपासणीसाठी आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी चालेल, कारण रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार असाच थकवा आणतात. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे लागले, तर पहिल्या भेटीत ते तुमच्याशी वेगळे आणि मुलीशी एकटीशी वेगळे बोलतात का, हे पाहा. एकटीशी न बोलता किंवा केवळ एक प्रश्नावली भरून घेऊन केलेल्या निदानावर मी तरी समाधान मानणार नाही.

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलाच्या हातावर जखमांच्या खुणा दिसल्या. ‘खेळताना लागले’ असे सांगून त्याने बाही खाली ओढली. पत्नीचे म्हणणे आहे की तो लक्ष वेधून घेण्यासाठी असे करत असावा. मला सरळ विचारायचे आहे; पण आत्महत्येचा शब्द काढला, तर नसता विचार आपणच त्याच्या डोक्यात घातल्यासारखे होईल, अशी भीती वाटते.

विचारा, आणि आजच विचारा. ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की तिची रीतसर तपासणी झालेली आहे. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात माध्यमिक शाळांमधील २३०० हून अधिक विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न विचारले होते आणि निम्म्यांना नव्हते. ज्यांना विचारले, त्यांच्यात अस्वस्थता किंवा तसे विचार वाढल्याचे दिसले नाही. उलट जी मुले आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा त्रास न विचारलेल्या तशाच मुलांपेक्षा काहीसा कमी आढळला. माझा अनुभवही हाच आहे. कोणीतरी तो शब्द मोठ्याने उच्चारला की मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरताना समोर दिसते.

शब्द साधे असावेत. ‘तुझ्या हातावरच्या खुणा मी पाहिल्या. तुला रागवायला आलेलो नाही. खूप त्रास होतो तेव्हा काहीजण स्वतःला इजा करतात. तुझे तसे काही आहे का? मरून जावे, असे मनात येते का?’ विचारल्यावर गप्प राहा. तो लगेच बोलणार नाही. ती शांतता भरून काढण्याची घाई करू नका.

लक्ष वेधून घेण्याविषयी मला आपल्या पत्नीशी आदरपूर्वक असहमत व्हावे लागते. त्याने बाही खाली ओढली, यातच उत्तर आहे. स्वतःला इजा करणारी बहुतेक मुले ते लपवतात. असह्य झालेली भावना काही काळ तरी सुसह्य व्हावी किंवा आतला बधिरपणा मोडावा, हा त्यामागचा सर्वांत सामान्य हेतू असतो, आणि त्या वेळी मरण्याची इच्छा असतेच असे नाही. विविध देशांतील सर्वेक्षणे एकत्र पाहिली तर साधारण सहांपैकी एका किशोरवयीनाने कधी ना कधी असे केलेले असते. तरीही ‘मरायचे नव्हते ना, मग झाले’ असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे आत्महत्येचा प्रयत्न होण्याची शक्यता दाखवणाऱ्या ठळक खुणांपैकी ही एक आहे. आणि समजा, त्याला खरोखर लक्षच हवे असेल, तर ते त्याला मिळाले पाहिजे.

‘पुन्हा करणार नाहीस, असे वचन दे’ हे म्हणू नका. वचन मोडले की तो तुमच्यापासून अधिक लपवू लागेल. रोज हात तपासणे, शिक्षा म्हणून फोन काढून घेणे, नातेवाइकांना सांगणे हेही नको. घरातली सगळी औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू मात्र आजच कुलपात ठेवा. मनात टोकाचा विचार येणे आणि कृती होणे यांत किशोरवयात कधी कधी काही मिनिटांचेच अंतर असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसेल तर ती लाट ओसरते आणि जीव वाचतो. तो मरणाविषयी निश्चित बेत सांगत असेल, निरोप घेतल्यासारखे बोलत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. रुग्णालयात दाखल करावे लागलेच, तर घरी सोडण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख हातात घ्या. घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने सर्वाधिक जोखमीचे असतात, आणि नेमके तेव्हाच घरातले सगळे ‘सुटलो’ म्हणून सैल झालेले असतात.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलीला नैराश्यासाठी डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन सुचवले आहे. या गोळ्यांमुळे मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात, अशी सरकारी सूचना असल्याचे वाचले. मग डॉक्टर त्या देतातच कशा? आणि सवय लागली तर?

तुम्ही वाचलेली सूचना खरी आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ साली नैराश्यावरील औषधांच्या वेष्टनावर ती ठळक चौकटीत छापण्याचा आदेश दिला. त्यामागे ४४०० हून अधिक मुलांचा समावेश असलेल्या २४ चाचण्यांचे विश्लेषण होते. औषध घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन सुमारे ४ टक्के मुलांत आढळले, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे २ टक्के. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. धोका आहे, तो लहान आहे, आणि मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांत व मात्रा बदलताना आहे. त्यामुळे या काळात बारीक लक्ष ठेवावे लागते.

आता दुसरी बाजू पाहू. १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १२ आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन आणि विचार-वर्तन उपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांना फरक पडला. केवळ औषधाने ६१ टक्के, केवळ बोलण्याच्या उपचाराने ४३ टक्के आणि निष्क्रिय गोळीने ३५ टक्के असे बाकीचे आकडे होते. ३६ आठवड्यांनी उपचारांचे तिन्ही गट जवळ आले : ८६, ८१ आणि ८१. मी याचा अर्थ असा लावते की बोलण्याचा उपचार उशिरा पण नक्की पोहोचतो, औषध लवकर पोहोचवते, आणि मूल जेव्हा खोल बुडालेले असते तेव्हा मधले जवळजवळ सहा महिने फार लांब असतात. सौम्य नैराश्यात मी गोळीपासून सुरुवात करत नाही. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात, विशेषतः मूल बोलण्याच्याही स्थितीत नसेल तेव्हा, औषध नाकारणे हाही एक धोकाच असतो.

या औषधाची नशेसारखी ओढ लागत नाही, मात्र ते एकदम बंद करू नये. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर ते चालू ठेवावे लागते. पहिल्या महिन्यात मुलीला दर आठवड्याला कोण भेटणार किंवा फोन करणार, हे आजच ठरवून घ्या. नवीन बेचैनी, एका जागी बसवत नसणे, झोप उडणे, अचानक वाढलेली चिडचिड यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. आणि या गोळीविषयी मुलीशी बोलणे झाले आहे का? १३ वर्षांच्या मुलीला ही गोळी कशासाठी आहे, तिने काय होईल आणि काय होणार नाही, हे समजते. जीवनसत्त्वाची गोळी म्हणून दिलेले औषध तिने एक दिवस नाव शोधून वाचले, की औषधावरचा आणि तुमच्यावरचा विश्वास एकाच वेळी जातो.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. सतत पळापळ करतो, एका जागी बसत नाही. शाळेने तपासणीचा सल्ला दिला आहे. एवढ्याशा मुलाला मानसिक आजार कसा असेल?

आजोबा, असू शकतो. पण या वयात ‘आजार’ या शब्दापेक्षा ‘मदतीची गरज’ हा शब्द अधिक अचूक आहे. तपासणी म्हणजे औषध, असे समीकरण मनातून काढून टाका. अतिचंचलता आणि अवधानातील उणीव यांबाबत, सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणून पालकांना प्रशिक्षण द्यावे, असे बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शिकायचे असते ते मोठ्यांनी : सूचना एका वेळी एकच आणि छोटी द्यायची, चांगले वागणे घडल्या क्षणी त्याची दखल घ्यायची, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवायचा. ऐकू नीट येते का आणि झोपेत घोरतो का, हेही तपासून घ्या. या दोन्ही गोष्टी चंचलतेच्या वेषात येतात.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. यंदा शाळेने सर्व विद्यार्थ्यांकडून मानसिक आरोग्याची प्रश्नावली भरून घेण्याचे आणि आठवड्यातून एक ध्यानाचा तास ठेवण्याचे ठरवले आहे. दोन्हींची जबाबदारी वर्गशिक्षकांवर आहे. याचा उपयोग होईल का?

आपल्या शाळेचा हेतू चांगला आहे, म्हणूनच उत्तर स्पष्ट देते. ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. सजगतेचे, म्हणजे आपल्या ध्यानाच्या तासासारखेच, प्रशिक्षण सर्वांना सरसकट दिल्याने, शाळेत नेहमी चालणाऱ्या भावनिक शिक्षणापेक्षा अधिक फायदा झाला नाही. हे तास शिक्षकच घेत होते. मुलांना ते कंटाळवाणे वाटले आणि बहुतेकांनी घरी सराव केलाच नाही. याच्याशेजारी युरोपमधील दहा देशांच्या १६८ शाळांतील, ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरची चाचणी ठेवून पाहा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन उपाय तपासले होते : शिक्षकांना प्रशिक्षण, जोखीम असलेली मुले हेरण्यासाठी तज्ज्ञांकडून चाळणी-तपासणी, आणि मुलांनी स्वतः प्रसंग रंगवून, चर्चा करून ताण, नैराश्य व मदत मागणे यांविषयी शिकणे. वर्षभरानंतर आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे झाले, ते फक्त तिसऱ्या उपायाने. मुलांना ऐकवण्याऐवजी त्यांना बोलू दिले, एवढाच फरक होता असे मी म्हणणार नाही, पण तो मोठा फरक होता.

शिक्षकांवरच्या जबाबदारीविषयी बिहारमधील ७४ शाळांत झालेला प्रयोग फार बोलका आहे. एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांचा दोष नाही. अभ्यासक्रम, परीक्षा आणि वर्गाची शिस्त सांभाळणाऱ्या व्यक्तीपाशी मूल मन कसे मोकळे करील?

प्रश्नावलीबाबत माझे मत ठाम आहे. ‘मला जगावेसे वाटत नाही’ या वाक्यापुढे खूण करणाऱ्या मुलाशी त्याच दिवशी बोलणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत नसेल, तर तो कागद वाटू नका. आपण विचारले, त्याने खरे सांगितले आणि नंतर काहीच घडले नाही, हा अनुभव त्याला पुढची अनेक वर्षे गप्प करतो. तज्ज्ञांच्या प्रतीक्षायाद्या जवळजवळ सर्वत्र लांब आहेत, तेव्हा कुठे पाठवायचे याची सोय आधी आणि प्रश्न नंतर, हाच क्रम योग्य ठरेल.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. रोज रात्री एका चॅटबॉटशी बोलते. तो कधीच नावे ठेवत नाही. घरी कोणाला सांगायची हिंमत होत नाही. यात काही चुकीचे आहे का? आणि डॉक्टरांकडे गेले तर ते आईबाबांना सगळे सांगतील का?

तू लिहिलेस, हे फार बरे केलेस. रात्री मन भरून आल्यावर जिथे बोलता येते तिथे माणूस बोलतो. यात तुझी चूक नाही. १९६६ साली एलायझा नावाचा अगदी प्राथमिक संगणक-कार्यक्रम तयार झाला होता. तो फक्त आपलेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, तरी माणसे त्याच्यापाशी मनातले बोलू लागली. आजचे चॅटबॉट त्याहून कितीतरी पुढे गेले आहेत. उपचारासाठी मुद्दाम बनवलेल्या एका चॅटबॉटची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नैराश्याची लक्षणे त्याने कमी झाल्याचे दिसले. पण तिच्यातील २१० जण प्रौढ होते आणि संशोधक त्या संवादांवर देखरेख ठेवत होते. तू ज्याच्याशी बोलतेस, तो बहुधा सर्वसाधारण कामांसाठीचा असेल. तो तुझ्या म्हणण्याला सहज होकार देतो, तू स्वतःविषयी कठोर होतेस तेव्हासुद्धा. तुझा आवाज बारीक झाला आहे किंवा तू आठवडाभर नीट झोपलेली नाहीस, हे त्याला दिसत नाही. तू लिहिलेले कुठे साठते, हेही तुला ठाऊक नसते. आणि एखाद्या रात्री फार वाईट वाटले, तर तो येऊन दार वाजवू शकत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : तू जे सांगशील ते सहसा तुझ्या आणि डॉक्टरांच्या मध्ये राहते. अपवाद तीन आहेत : तुझ्या जिवाला धोका असणे, कोणी तुला इजा किंवा तुझे शोषण करत असणे, आणि तुझ्याकडून दुसऱ्या कोणाला गंभीर धोका असणे. अशा वेळीही कोणाला, काय आणि कसे सांगायचे, हे चांगले डॉक्टर आधी तुझ्याशी बोलून ठरवतात. पालकांच्या संमतीविना कोणत्या वयापासून उपचार घेता येतात, याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच विचार : ‘मी सांगितलेले तुम्ही कोणाकोणाला सांगाल?’ हे विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम हेच सांगते, की मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे आणि त्याला वयानुसार वजन दिले पाहिजे. समोर बसून बोलणे जमेल की नाही, अशी शंका वाटत असेल, तर चॅटबॉटशी झालेला एखादा संवाद छापून ने आणि ‘हे वाचा’ एवढेच म्हण. माझ्याकडे काही मुलांनी अशीच सुरुवात केली आहे, आणि ती उत्तम सुरुवात ठरली आहे.

प्रश्न : ११ वर्षांचा मुलगा भीतीमुळे शाळेत जात नाही, एकटा झोपत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे येण्यास तो साफ नकार देतो. त्याला उचलून तर नेता येत नाही. मग उपचार करायचे तरी कसे?

तो येत नसेल, तर तुम्ही दोघे जा. अमेरिकेतील येल विद्यापीठात, चिंताविकार असलेल्या ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांच्या चाचणीत एका गटातील मुलांना विचार-वर्तन उपचार दिले आणि दुसऱ्या गटात फक्त पालकांना प्रशिक्षण दिले. ती मुले उपचारांना आलीच नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील सुधारणा तुल्यबळ होती.

मूल घाबरते तेव्हा आपण प्रेमापोटी वाट सोपी करून देतो. त्याच्याऐवजी आपण बोलतो, शेजारी झोपतो, शाळेला सुट्टी देतो. प्रत्येक वेळी त्याला तात्पुरते बरे वाटते आणि ‘हे मला जमणार नाही’ ही समजूत मात्र अधिक घट्ट होते. प्रशिक्षणात पालक यांतील एकेक सवलत हळूहळू आणि आधी सांगून कमी करायला शिकतात, आणि त्याच वेळी ‘तुला भीती वाटते हे मला समजते, आणि तू ती सोसू शकशील याची मला खात्री आहे’ ही दोन्ही वाक्ये एकत्र म्हणायला शिकतात. नुसते पहिले वाक्य त्याला आणखी घाबरवते आणि नुसते दुसरे त्याला एकटे पाडते. शाळेच्या बाबतीत वेळ दवडू नका. गैरहजेरी जितकी लांबते तितके परतणे अवघड होते. दिवसातून एक तास, ओळखीच्या एका शिक्षकांजवळ बसून का होईना, पण शाळेशी धागा टिकवा. मात्र तो शाळेत नेमके कशाला घाबरतो, हे आधी त्याच्याकडूनच समजून घ्या. तिथे कोणी त्याला मारत किंवा छळत असेल, तर बदल शाळेत व्हायला हवा.

प्रश्न : मुलगा पुढच्या वर्षी १८ वर्षांचा होईल. तीन वर्षे ज्या बालमानसोपचार केंद्रात उपचार चालू आहेत, तिथे यापुढे त्याला पाहणार नाहीत असे सांगितले. पुढे काय करावे?

आजार वाढदिवस पाहून थांबत नाही, पण सेवा थांबतात, आणि ही आपल्या क्षेत्राची जुनी व लाजिरवाणी उणीव आहे. इंग्लंडमधील २०१० च्या एका अभ्यासात, मुलांच्या सेवेतून प्रौढांच्या सेवेत जाणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांचे हस्तांतर समाधानकारक रीतीने झाले होते. ऑस्ट्रेलियाने २००६ पासून १२ ते २५ वयोगटासाठी स्वतंत्र केंद्रे सुरू केली, ती याच दरीवर पूल बांधण्यासाठी. अशी सोय सर्वत्र नाही, त्यामुळे तुमच्या हातात असलेले हे एक वर्ष वापरा.

सध्याच्या डॉक्टरांकडून दोन पानांचा सारांश मागून घ्या : निदान, आजवर दिलेली औषधे व त्यांच्या मात्रा, कोणते औषध का बंद केले, प्रकृती बिघडू लागल्याच्या पहिल्या खुणा कोणत्या. नवे डॉक्टर आत्ताच ठरवा आणि शक्य असेल तर एक भेट जुन्या व नव्या डॉक्टरांच्या उपस्थितीत घडवून आणा. जुने उपचार बंद होण्याची तारीख परीक्षा किंवा घर सोडून शिकायला जाणे यांच्या आसपास येऊ देऊ नका. भेटीची वेळ घेणे, औषध संपण्याआधी आणणे, आपला त्रास स्वतःच्या शब्दांत सांगणे ही कामे आजपासून थोडी थोडी त्याच्याकडे सोपवा. सारांशाची पहिली प्रत त्याला वाचायला द्या आणि त्यात काय चुकले आहे, काय राहून गेले आहे, हे त्याला पेन्सिलीने लिहू द्या. नव्या डॉक्टरांकडे पाठवायची ती प्रत.